प्लस वन तलवारीचा भाव ठरवणारा माणूस: गॅरी गायगॅक्स

मोबाईलवर कुठलाही आरपीजी गेम उघडा. राक्षस मारला की कॉइन्स पडतात, कॉइन्स साठले की तलवार अपग्रेड होते, आणि जुनी तलवार विकायला गेलात की दुकानदार पडेल भावात घेतो. हे सगळे भाव कुणीतरी आधी बसून ठरवलेले असतात. स्क्रीन नव्हती तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन हे काम करणारे गॅरी गायगॅक्स.

जन्म २७ जुलै १९३८, शिकागो. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. शाळा त्यांनी अर्धवट सोडली. पुढे शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर झाले. म्हणजे कोणत्या गोष्टीत किती धोका आहे ते बघून तिचा हप्ता ठरवायचा. मला तरी वाटतं, त्यांच्या गेममधली तक्त्यांची हौस इथूनच आली असावी.

१९७० मध्ये ती नोकरी गेली. घरात बायको, मुलं. पोटासाठी ते चपला-बूट दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात युद्धाच्या गेमचे नियम लिहू लागले. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नसन यांनी अशा गेममध्ये एक नवीन गोष्ट आणली होती: अख्ख्या सैन्याऐवजी प्रत्येकाने एकच पात्र खेळायचं, तळघरं धुंडाळायची, खजिना आणायचा. दोघांनी मिळून त्यातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बनवला. छापायला कुणी तयार होईना, म्हणून गायगॅक्स यांनी बालमित्र डॉन के यांच्यासोबत १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. पैसे कमी पडले तेव्हा ब्रायन ब्लूम भागीदार झाले. जानेवारी १९७४ मध्ये १००० बॉक्स निघाले, किंमत १० डॉलर. वर्षभरात संपलेसुद्धा!

आता खरी गंमत. या गेममध्ये सोनं म्हणजेच अनुभव. एक सोन्याचं नाणं सुखरूप घरी आणलं की एक एक्सपी. त्यामुळे प्रत्येक खेळाडू सोन्याच्या मागे. पण सगळ्यांकडे पोत्याने सोनं झालं की त्याला किंमत काय राहणार? वर गेम चालवणारा एखादा डीएम दिलदार निघाला आणि जादूच्या वस्तू खिरापतीसारख्या वाटू लागला, की दोन महिन्यांत खेळण्यात मजाच उरत नाही.

याचं उत्तर गायगॅक्स यांनी १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाईड’मध्ये दिलं. त्यात जादूच्या वस्तूंचे लांबच लांब तक्ते आहेत आणि बहुतेक वस्तूंपुढे दोन आकडे. प्लस वन तलवार: ४०० एक्सपी, २००० सोन्याची नाणी. जखम भरणारं औषध: २०० आणि ४००. वस्तू स्वतःकडे ठेवली तर पहिला आकडा मिळतो, विकली तर दुसरा. म्हणजे तलवार विकून लेव्हल लवकर वाढवायची, की लेव्हल मागे ठेवून तलवार हातात ठेवायची? उद्या राक्षस समोर आला तर काय उपयोगी पडेल, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

समजा, विकली. सगळे पैसे तुम्हालाच मिळाले असं धरू. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २००१ एक्सपी लागतात. एकच कमी! तो मिळवला तरी लेव्हल आपोआप वाढत नाही, गुरूकडे शिकावं लागतं. पहिल्या लेव्हलची फी आठवड्याला १५०० नाणी, आणि खेळ बरा नसेल तर चार आठवड्यांपर्यंत. शिवाय दर महिन्याला राहण्या-खाण्याचा खर्च, वर राजाचा कर. आणि १० नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे तुमची २००० नाणी सुमारे ९० किलो. घ्या खांद्यावर! खेळाडूकडचं चलन असं परत काढून घेण्याच्या युक्तीला आज गेम डिझायनर ‘गोल्ड सिंक’ म्हणतात.

नव्या खेळाडूच्या खिशात सरासरी शंभरेक नाणी असतात आणि चांगलं चिलखत ४०० ला. इतकं महाग का, याचं कारणही त्यांनी देऊन ठेवलं होतं: सोन्याच्या शोधात माणसं धावली तेव्हाचं अलास्का डोळ्यांसमोर आणा, जिथे एकेक अंडं डॉलरला जायचं. आणखी एक, जादूच्या वस्तू दुकानाच्या यादीत ठेवल्याच नव्हत्या. तक्त्यातला भाव विकण्याचा. विकत घ्यायची सोय नाही. गेममध्ये खरे पैसे टाकून स्किन घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा टोचेल.

कंपनीचा हिशोब मात्र त्यांना असा जमला नाही. डॉन के १९७५ मध्ये अचानक वारले आणि शेअर्सचा मोठा हिस्सा ब्लूम कुटुंबाकडे गेला. आर्नसन यांनी श्रेय आणि रॉयल्टीसाठी १९७९ मध्ये कोर्टात खेचलं. तडजोड १९८१ मध्ये झाली. (आर्नसन यांची बाजू मला पटते, पण तो वेगळा विषय.) कंपनी कर्जात बुडाली तेव्हा गायगॅक्स हॉलिवूडमध्ये होते. परत येऊन त्यांनी कारभार हातात घेतला, लोरेन विल्यम्स यांना व्यवस्थापक म्हणून आणलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये विल्यम्स यांनी ब्लूम यांचे शेअर्स विकत घेतले आणि गायगॅक्स यांची खुर्ची गेली. केस हरली. १९८६ मध्ये ते बाहेर पडले. त्यांचं स्वतःचं पात्र, जादूगार मॉर्डेनकेनन, कंपनीकडेच राहिलं.

१९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर घेतली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जादूच्या शस्त्रांच्या भावाला सूत्र आलं: बोनसचा वर्ग गुणिले २०००. प्लस टूला ८०००, प्लस थ्रीला १८०००, शस्त्राची मूळ किंमत वेगळी. प्लस वनचा आकडा २१ वर्षांनीही तोच, २०००. आता मात्र वस्तू विकत घेता येऊ लागल्या, आणि विकताना निम्मा भाव.

गायगॅक्स लेक जिनिव्हातच राहिले. २००४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी घरी दर आठवड्याला गेम चालू होता, अगदी जानेवारी २००८ पर्यंत. ४ मार्च २००८ ला ते गेले.