सर गंगाराम : माळरानाचा नफा आणि त्याचा विनियोग

दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाचे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावरून गेलेले असते. परंतु ज्या गृहस्थाचे हे नाव, तो वैद्य नव्हता, इंजिनीअर होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १८५१ साली पंजाबात जन्मलेल्या गंगाराम यांनी १८७३ मध्ये रुडकीला स्थापत्यशास्त्राचे शिक्षण पुरे केले. लाहोरचे वस्तुसंग्रहालय, मुख्य टपाल कचेरी ही त्यांच्याच देखरेखीची कामे. १९०३ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. सामान्यतः येथे चरित्र संपते.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र शेतीतले. कालव्याचे पाणी उताराने धावते. म्हणून कालव्याहून उंच असलेली जमीन शेजारी पाणी असूनही कोरडीच राहते. अशाच जमिनीकडे गंगाराम वळले. मंटगोमरी जिल्ह्यातील पन्नास हजार एकर माळरान त्यांनी सरकारकडून पट्ट्याने घेतले, पाणी वर चढवले आणि स्वखर्चाने पाट काढून ते पिकाखाली आणले. रेनाला खुर्द येथे कालव्याच्याच प्रवाहावर वीज निर्माण करणारे केंद्र १९२५ साली उभे राहिले. गंगापूर या आपल्या गावी अवजड यंत्र न्यायचे, तर बुचियाना स्टेशनापासून त्यांनी रूळच टाकले व त्यांवरून घोड्यांकरवी गाडी ओढविली! पुढे कित्येक वर्षे गावकरी तीतूनच प्रवास करीत.

नफा हे जोखमीचे मोल, असे आम्ही वर्गात शिकवतो. या गृहस्थाने जोखीम पत्करली, नफा मिळवला. आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्नही हिशेबी माणसाच्या शिस्तीने सोडवला. विधवांच्या पुनर्विवाहासाठी १९१४ मध्ये सभा, लाहोरात १९२१ मध्ये धर्मार्थ दवाखाना, १९२३ मध्ये या साऱ्याच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त निधी. त्या काळच्या पंजाबात विधवाविवाहाचे काम हे दवाखाना बांधण्याहून अवघड होते, असे मला वाटते. तेथे पैशापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष अधिक मोजावा लागे. राज्यकर्त्यांशी त्यांचे सख्य होते, १९२२ चा 'सर' किताब त्याचीच खूण. हा आक्षेप खोटा नाही. पण त्यामुळे पाटातले पाणी आटत नाही.

१० जुलै १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. फाळणीनंतर दिल्लीत त्यांच्या नावाचे रुग्णालय १९५४ साली सुरू झाले. लाहोरचे जुने रुग्णालय आज फातिमा जिना वैद्यकीय विद्यापीठाशी संलग्न आहे. नाव मात्र अद्याप सर गंगाराम यांचेच आहे.