गणिती केरूनाना छत्रे

पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याच्या पाचवीलाच पुजलेले आहे. सह्याद्री ओलांडून या मुलखात येईतो मेघ बहुधा रिते झालेले असतात. १८७६-७७ साली तर तेथे भीषण दुष्काळ पडला. त्या काळी पुण्यात एक थोर गणिती राहत असत. सूर्यावरील डागांचा हवापाण्याशी काही संबंध आहे काय, याचा ते अभ्यास करीत. केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे नाव. लोक त्यांना आदराने केरूनाना म्हणत.

केरूनानांचा जन्म १८२५ साली झाला. त्यांचे शिक्षण मुंबईस झाले. कोवळ्या वयातच त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत काम मिळाले. तेथे हवेचे तापमान, वायुभार इत्यादींची नोंद ठरल्या वेळी करावी लागे. चुकलेली वेळ पुन्हा येत नसे. सुमारे दहा वर्षांच्या या कामाने काटेकोरपणा त्यांच्या अंगी बाणला.

पुढे ते पुण्यास प्राध्यापक झाले. त्या वेळची पंचांगे जुन्या ग्रंथांवरून करीत. त्यांतील लहानशा चुका शतकानुशतके साचत गेल्या होत्या. त्यामुळे गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान एक आणि आकाशात दिसणारे दुसरेच, असे होई. केरूनानांनी पाश्चात्त्य ग्रंथ अभ्यासून १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. ग्रहाच्या मध्यम स्थानात कोष्टकांतील आकडे मिळवावयाचे किंवा वजा करावयाचे, की त्याचे खरे स्थान मिळे.

१८६५ पासून या गणिताचे पंचांग निघू लागले. परंतु त्यामुळे सणांचे दिवस बदलत. म्हणून फार थोड्यांनी ते स्वीकारले. तरीही केरूनाना डगमगले नाहीत. आकाशाशी न जुळणारे गणित त्यांना मान्य नव्हते. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पुढे पंचांगशुद्धीचा हाच पक्ष उचलून धरला.

१८८४ साली केरूनाना निवर्तले. आज संगणक इतर ग्रहांवरील वातावरणाचेही गणित करतात. पाऊस केवळ सूर्याच्या डागांवर अवलंबून नसतो, हेही आता कळले आहे. तथापि नोंद प्रामाणिकपणे करावी, हिशेब नीट मांडावा आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा, हा केरूनानांचा मार्ग आजही शास्त्रज्ञांचा मार्ग आहे.