सुताराची पेन्सिल

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरविले ते १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी. धर्मप्रचारकाचे काम सुटलेले. पोटाला धाकट्या भावाचे, थिओचे पैसे. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात बसून त्याने बार्गच्या सरावचित्रांचे तक्तेच्या तक्ते गिरविले. १८८२ साली हेगमध्ये तो सुताराची जाड पेन्सिल वापरू लागला. माझ्या वडिलांच्या कानावर असते तीच! तिने भरलेली छाया चकाकते, म्हणून तो चित्रावर चक्क दूध ओती. चकाकी मरे, काळेपणा खोल दिसे. १८८८ साली आर्ल गावी त्याने बोरू धरला. शाई काही पुसता येत नाही. तेव्हा जवळचे शेत आणि दूरचे शेत त्याने नुसत्या ठिपक्या-रेघांच्या दाट-विरळपणातून वेगळे काढले. १८९० च्या जुलैत, ३७ व्या वर्षी तो गेला.