दादासाहेब फाळके : बेचाळिशीतली उमेदवारी

मंडळी, हल्ली आपल्या घरातील कॉलेजात जाणारी मुले सुट्टीत इंटर्नशिपला जातात. आमच्या वेळी याला उमेदवारी म्हणत. एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहायचे, पडेल ते काम करायचे आणि बघून शिकायचे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे जवळजवळ सारे शिक्षण असेच झाले, आणि त्यातील मोठा भाग आपल्या बडोद्याशी जोडलेला आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकलेचे धडे घेतल्यावर मोठे बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्याला आले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू केले होते. पुस्तकी विद्येपेक्षा हातात कसब यावे, हा त्यामागचा हेतू. धुंडिराज तिथे चित्रकला शिकले, प्रतिमा घडवण्याचे काम शिकले आणि त्याच वर्षी कॅमेरा घेऊन छायाचित्रणाच्या नादी लागले. प्राचार्य गज्जर यांनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला रतलामला तिरंगी ब्लॉक व फोटोलिथोचे काम शिकायला पाठवले.

पुढची वीस वर्षे मात्र सरळ गेली नाहीत. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. सारे आवरून ते बडोद्याला परतले आणि 1902 मध्ये दुसरे लग्न केले. त्या सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, ती स्वदेशीच्या दिवसांत सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, 1909 मध्ये छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला जाऊन आले आणि शेवटी भागीदाराशी न पटल्याने त्या धंद्यातूनही बाहेर पडले. व्यवहारी माणसाने याला धरसोड म्हटले असते. पण प्रकाश, रसायने, रंग आणि यंत्र या चारही गोष्टी त्या काळात त्यांच्या हातात बसल्या.

चाळिशी उलटल्यावर मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा पडद्यावर आणायच्या, हे मनाने घेतले. अहोरात्र प्रयोग करून डोळ्यांवर ताण आला, काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. पण चित्रपट तयार होताना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हे काम साधणार नाही, हे त्यांना कळून चुकले. म्हणून त्यांनी आपल्या 12,000 रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून 10,000 रुपये उभे केले आणि फेब्रुवारी 1912 मध्ये बोटीने लंडन गाठले. घरी बायको आणि लहान मुले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. बेचाळिशीला टेकलेला, हाती धंदा नसलेला गृहस्थ असा अर्ज घेऊन समोर बसला असता, तर मी सही केली असती का, याचे खरे उत्तर द्यायला मी आजही कचरतो.

लंडनमध्ये ओळखदेख कोणाची नव्हती. फाळके थेट बायोस्कोप या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असे समजावले. मग जिद्द पाहून वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तिथे आठवडाभर फाळक्यांना चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचे सगळे पाहायला मिळाले. एवढ्यात काय शिकणार, असे वाटेल. पण बाकीचे सगळे त्यांना आधीच येत होते. काय विचारायचे हे ठाऊक होते. विल्यमसन कॅमेरा घेऊन 1 एप्रिलला ते मायदेशी परतले.

आता भांडवल हवे होते. कुंडीत वाटाणा पेरून, कोंब फुटून रोप वाढेपर्यंत त्याची एकेक चौकट टिपून त्यांनी छोटी फिल्म केली. ती पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला.

मग दादरच्या घरातच उमेदवारांची शाळा भरली, आणि या वेळी फाळके गुरू होते. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडत. गावाकडचे मित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला शिकवले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना उभे केले. सुमारे सात महिन्यांच्या कष्टानंतर 3,700 फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला.

दादासाहेब 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला वारले. त्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले.

आपले कलाभवन आज विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा म्हणून उभे आहे. नातवंडांना घेऊन त्या रस्त्याने जाल, तेव्हा दोन मिनिटे थांबून त्यांना ही हकीकत जरूर सांगा. आणि घरातला कोणी शिकाऊ मुलगा किंवा मुलगी दोन महिने नुसते बघण्यातच गेले म्हणून कुरकुरत असेल, तर वॉल्टनच्या त्या आठवड्याची आठवण करून द्या.