पंडित नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे

चांदा व गडचिरोली या रानमुलखांतील आमच्या लहान लहान मंडळ्यांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एखादा तरुण वचन ऐकता ऐकता प्रश्न विचारू लागला, म्हणजे वडील माणसे त्याचा विश्वास ढळला असे समजून त्यास गप्प करितात. प्रिय वाचकहो, ज्या थोर पुरुषाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे, त्याने आयुष्यभर प्रश्न विचारिले, आणि त्याच वाटेने चालत तो शेवटपर्यंत प्रभूचा राहिला.

नीळकंठशास्त्री यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झांशीनजीकच्या एका खेड्यात झाला. घराणे मूळचे कोकणस्थ ब्राह्मण. बालपण काशीत गेले व तेथेच संस्कृत शास्त्रांचे अध्ययन झाले. कुळाची उपासना शिवाची. परंतु त्यांनी स्वतः विचार करून विष्णुभक्ती पत्करिली. जे मनास पटेल तेच धरावयाचे, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनच दिसतो.

त्या काळी जॉन म्यूर नामक स्कॉटिश विद्वानाने ख्रिस्ती मताचे मंडन करणारा 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ रचिला होता. त्याचे खंडन करण्यास जे पंडित पुढे आले, त्यांत नीळकंठशास्त्री एक होते. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ त्यांनी सुमारे २० वर्षांच्या वयात लिहिला. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांजकडेही ते शिकावयास नव्हे, तर वाद जिंकावयास गेले.

स्मिथसाहेबांनी त्या तरुणाचा उपहास केला नाही, की त्यास घाईही केली नाही. त्यांनी पवित्र शास्त्र वाचावयास दिले व त्याचे आक्षेप धीराने ऐकिले. डोंगरावरील प्रवचन वाचून शास्त्रीबोवांचे मन हलले. दोष शोधण्यासाठी उघडलेला ग्रंथ त्यांचेच दोष दाखवू लागला. तरी निर्णयास वर्षे लागली. पुढे १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीत आप्तेष्टांचा विरोध मोठा, म्हणून हा विधी जौनपूर येथे झाला. नेहेम्या हे नाव त्यांनी तेव्हा धारण केले.

या निर्णयाची किंमत थोडी नव्हती. ज्या नगरात पंडित म्हणून मान होता, तेथेच ते जातिबाह्य झाले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांजकडे आल्या, पण हे सुख फार दिवस टिकले नाही. सप्टेंबर १८५३ मध्ये कन्या झाली आणि थोड्याच महिन्यांत लक्ष्मीबाई वारल्या. तान्ही एलेन लक्ष्मी परक्या घरी वाढली. पुढे स्टॉर्स नावाच्या मिशनरी पाळकाने तिला इंग्लंडास नेऊन आपल्या लेकरांबरोबर शिकविले. मोठेपणी ती स्वदेशी परतली व सेवेत राहिली. तिने इंग्रजीत रचिलेले भक्तिगीत जगभरच्या मंडळ्यांत गाइले जाते.

१८५४ साली महाराजा दलीपसिंगाबरोबर शास्त्रीबोवा इंग्लंडास गेले व राणी व्हिक्टोरियाच्या भेटीचा मानही त्यांस मिळाला. परंतु राजवाड्याच्या ओळखीचा त्यांनी काही लाभ करून घेतला नाही. परत येऊन त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ लिहिला. तो १८६० साली प्रसिद्ध झाला. त्यांची राहणी अत्यंत साधी असे. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षे त्यांनी पाळकपदही घेतले नाही, कारण आपण त्यास अपात्र आहो असे त्यांस वाटे. अखेर १८६८ त डीकन व १८७० त प्रीस्ट म्हणून त्यांस दीक्षा मिळाली.

यानंतरची हकीकत आमच्या मुलखाची आहे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने चांद्यास मिशन घातले, त्याच्या अगदी आरंभीच्या दिवसांत येथे सेवा करावयास आले ते हेच नेहेम्या गोऱ्हे. त्या वेळी आगगाडी चांद्यास पोहोचली नव्हती. १९८२ साली निराळा जिल्हा झालेला गडचिरोलीचा मुलूखही तेव्हा चांद्यातच मोडत असे. काशीच्या पंडितांत गणला गेलेला पुरुष या आडबाजूच्या गावी साधा सेवक होऊन राहिला. त्यांच्यामागून रेव्ह. इस्राएल जेकब या आपल्याच देशच्या पाळकांनी ते काम पुढे चालविले.

पुढे गोऱ्हे कौलीच्या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून शिरले व पुण्यासही त्यांनी सेवा केली. पंडिता रमाबाईंच्या मनातील पुष्कळ शंका त्यांच्या लेखनाने व पत्रांनी फिटल्या. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. विदुषीच्या शंकेचे मोल ज्यास कळावे, तो स्वतः शंकेतून गेलेला असावा लागतो.

शंकांनी त्यांस पुढेही सोडिले नाही. वृद्धपणीही कित्येकदा मन अंधारात सापडे. तथापि ते शंका लपवीत नसत; ती प्रार्थनेत देवापुढे मांडीत, ग्रंथ उघडून पुन्हा तपाशीत, आणि हातचे काम टाकीत नसत. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत ते प्रभूमध्ये निजले. त्याच संघाचे मिशनरी गार्डनर यांनी १९०० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यांत या शंकाही त्यांनी झाकून ठेविल्या नाहीत, हे सर्वांवर उपकारच झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, स्मिथसाहेबांनी त्या वादखोर तरुणास दारातूनच परत लाविले असते, तर मंडळी केवढ्या सेवकास मुकली असती! यास्तव आपल्या उपासनेत कोणी लेकरू उठून प्रश्न विचारील, तेव्हा त्यास दटावू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर तसे कबूल करा, आणि त्याच्याबरोबर बसून शास्त्र उघडा.