आर्सचे ‘क्यूरे’ : संत जॉन मेरी व्हियानी



फ्रान्समध्ये धर्मप्रांतीय धर्मगुरूला ‘आबे’ म्हणतात. पण ज्याच्याकडे धर्मग्राम सोपवलेला असतो तो ‘क्यूरे’. हा शब्द लॅटिन ‘कुरा’ म्हणजे काळजी, यावरून आला. आत्म्यांची काळजी वाहतो तो क्यूरे.

संत जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म १७८६ साली ल्योंजवळील दार्दिली गावी झाला. लॅटिन त्यांना फार जड गेले, तरी १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८१८ साली ते जेमतेम २३० वस्तीच्या आर्स गावी आले. प्रायश्चित्त संस्कारासाठी ते दिवसाचे सोळा-सोळा तास बसत. एकांताच्या ओढीने त्यांनी गाव सोडण्याचाही प्रयत्न केला. १८५३ साली लोकांनीच त्यांना अडवले. बिशपांनी दिलेला मानाचा झगा विकून त्यांनी पैसे सत्कार्याला दिले. शेवटपर्यंत ते क्यूरेच राहिले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी ते प्रभूघरी गेले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले.

क्यूरेने लोकांना सांभाळले, लोकांनी क्यूरेला. आपणही आपल्या धर्मगुरूंना प्रार्थनेने सांभाळू या.