बोरीबंदर ते बोरघाट : जेम्स बर्कली यांचा खडतर प्रवास

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. या घटनेचा उल्लेख झाला की गिरगावचे नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांची नावे ओघाने येतात, आणि ते उचितच आहे. या दोघांच्या पुढाकाराशिवाय मुंबईत रेल्वे इतक्या लवकर आली नसती. मात्र तो मार्ग आखण्याची, बांधण्याची आणि त्यावरून माणसे सुखरूप नेण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर होती, ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांचे स्मरण त्या मानाने क्वचितच होते.

बर्कली यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर काही वर्षे उमेदवारी करून १८३९ मध्ये ते विख्यात रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली दाखल झाले. दहा वर्षांनी जीआयपी कंपनीने त्यांची नेमणूक केली आणि फेब्रुवारी १८५० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते मुंबईत उतरले.

त्या वेळी शहर कोटाबाहेर पसरू लागले होते. भायखळ्यापलीकडे परळ, दादर, शीवपर्यंत वाड्या, भातखाचरे आणि खाजणे होती. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाला आरंभ झाला. दलदलीत भराव टाकून रूळ अंथरण्यात आले आणि अडीच वर्षांत ३४ किलोमीटरचा मार्ग तयार झाला. पहिल्या दिवशी १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांनी प्रवास केला. पुढे याच रुळांच्या आजूबाजूला परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचली. लोहमार्गाची मोठी कामे एतद्देशीय ठेकेदारांनाही द्यावीत, असा बर्कली यांचा आग्रह होता. जमशेटजी दोराबजी या पारशी ठेकेदाराने तो सार्थ ठरवला.

घाटाचे आव्हान

खोपोलीपुढे सह्याद्री उभा होता. पुण्याचे प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडी धरत. बर्कली यांनी बोरघाटाची बारकाईने पाहणी करून जो मार्ग आखला, तो सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर उंची गाठणारा होता. त्यात २५ बोगदे आणि आठ मोठे पूल होते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट होता. खंडाळ्याच्या अलीकडे वळणाला जागाच नव्हती. म्हणून तेथे रिव्हर्सिंग स्थानक योजण्यात आले. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढे निघे.

या कामाची किंमत मोठी होती. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या साथींनी त्यांचे अतोनात बळी घेतले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली. त्याच वर्षी मूळ ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पोहोचल्यानंतर अल्पावधीतच मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका तडीस नेला. बर्कली यांची प्रकृतीही या श्रमांनी ढासळली होती. १८६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, त्रेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले, तेव्हा तो पाहायला बर्कली हयात नव्हते.

सुरक्षेचा धडा

घाटाची परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. १८६७ मध्ये घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला आणि बांधकामातील निकृष्टपणा उघड झाला. १८६९ मध्ये उतारावर ताबा सुटलेली गाडी रिव्हर्सिंग स्थानक ओलांडून गेली आणि प्राणहानी झाली. आखणी कितीही कुशल असली तरी चालकाचा हात आणि सांधेवाल्याची नजर एवढ्यावर विसंबून चालणार नाही, हे या घटनांनी दाखवून दिले.

बोरघाटातील कॅच सायडिंगची व्यवस्था याच जाणिवेवर उभी आहे. तेथील सांधा एरवी चढावर संपणाऱ्या बाजूच्या रुळाकडे वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळायचा. ब्रेक निकामी झाले असतील तर गाडी आपोआप चढावर जाऊन थबकते. म्हणजे धोका गृहीत धरायचा आणि खात्री पटल्यावरच वाट द्यायची.

बर्कली यांच्या मूळ मार्गावर, बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यात, १९२८ मध्ये देशातील पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. पुढच्याच वर्षी ते परळ-दादरमार्गे कुर्ल्यापर्यंत गेले. त्यांचे तत्त्वही तेच आहे. रुळांतून मंद वीजप्रवाह वाहतो. गाडीची चाके त्यावर आली की तो सिग्नलच्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा तार निखळली, तरीही दिवा लालच होतो. पुढे उपनगरी गाड्यांत आलेल्या ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीमने लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीचा ब्रेक आपोआप लागण्याची सोय केली.

बर्कली यांच्या नावाचे पारितोषिक अभियांत्रिकीच्या गुणवंत विद्यार्थ्यांना दिले जाऊ लागले. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याचे मानकरी ठरले. खडकवासल्याच्या धरणावर पाणी वाढताच आपोआप उघडणारे दरवाजे पुढे त्यांनीच बसवले.